हिरवी पायरी

"बाबा, घोटभर तरी घ्या," शर्वरी म्हणाली आणि बाटलीचं झाकण काढून तिनं बाटली माझ्यापुढे धरली.

"तहान नाही."

"सकाळपासून नाही लागली? अर्धा कप चहा तेवढा घेतलाय तुम्ही. तोही माझ्या धाकानं."

आगगाडी तेव्हा समुद्रात शिरली होती. दोन्ही बाजूंना उथळ, राखाडी पाणी आणि मधून रुळांचा पूल. पलीकडे व्हेनिसचे मनोरे दिसू लागले होते. मी चाळीस वर्षं या शहराबद्दल वाचत आलो होतो. वाईच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. दुपारी वाचक नसत, तेव्हा हे शहर मी पुस्तकांतून गल्लीगल्लीनं पालथं घातलं होतं. आता ते खिडकीबाहेर प्रत्यक्ष उभं होतं आणि माझं सगळं लक्ष त्या बाटलीतल्या पाण्याकडे होतं. ते पोटात जाता कामा नये, एवढंच मला कळत होतं.

दोन रात्रींपूर्वी मी काही गोष्टी ऐकल्या होत्या. ऐकायच्या नव्हत्या, पण केदारचं घर लहान, भिंती पातळ. केदार माझा मुलगा, इटलीतच, पादुआ शहरात नोकरीला. तो शर्वरीला सांगत होता, "रात्री चार वेळा उठतात गं. अंधारात चाचपडत जातात. तिकडे वाईला एकटे असताना पडले म्हणजे? मी पुण्याच्या त्या ज्येष्ठ निवासाला सांगून ठेवलंय. खोली रिकामी आहे, पण आठवड्याभरात कळवायला हवं."

"आणि घर?"

"घर काय, विकायचं. नुसतं ठेवून काय करायचं?"

"त्यांना विचारलंस?"

"तू परवा व्हेनिसला नेते आहेस ना? बघ दिवसभर चालणं झेपतंय का. मग बोलू त्यांच्याशी."

म्हणजे ती सहल माझी परीक्षा होती, आणि परीक्षक होती सून. पास झालो तर माझं वाईचं घर, माझी पुस्तकं, सकाळी घाटावरची फेरी, सगळं माझं राहणार होतं. नापास झालो तर पुण्यात एक खोली.

चालण्याची मला भीती नव्हती. पाय बरे होते. बरं नव्हतं ते दुसरंच काही, आणि ते दीडेक वर्षापासून मी कोणालाही सांगितलं नव्हतं. एकदा लागली की दम धरवत नसे. डॉक्टरकडे जायचं तर डॉक्टर माझ्याच वाचनालयातून पुस्तकं नेणाऱ्या बाईंचा मुलगा. बायको असती तरी तिला सांगितलं असतं की नाही, शंकाच आहे. शाळेत आमच्या वेळी करंगळी वर केली की मास्तर बाहेर सोडत. सगळी पोरं उठसूट करंगळ्या नाचवत. मी चार इयत्तांत एकदाही करंगळी वर केली नाही. सगळा वर्ग आपल्याकडे बघेल, या विचारानंच हात जड व्हायचा. आता तर समोर सून होती.

स्टेशनावर उतरल्या उतरल्या ती म्हणाली, "बाबा, इथे जाऊन घेता का? पुढे शहरात पटकन सापडत नाही."

किती साधं विचारलं होतं तिनं! मी नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"छे," मी म्हणालो. "मला नाही लागत."

"बरं, मी येते जाऊन. पिशवी सांभाळा."

ती गेली. मी पाटी बघत उभा राहिलो. पाटीवरचा पुरुष आणि माझ्यामध्ये फार तर पंधरा पावलं असतील. पण मी आत गेलो आणि तेवढ्यात ती बाहेर आली तर? आत्ताच तर 'छे' म्हटलं होतं. एकदा 'छे' म्हटल्यावर माणसानं काय करायचं, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

स्टेशनाच्या दारातून बाहेर पडलं की रस्ता नाहीच. रुंद पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या पुढ्यात थेट मोठा कालवा. बस यावी तशा होड्या येत होत्या, माणसं चढत-उतरत होती. शर्वरी पाण्याजवळच्या खालच्या पायरीकडे निघाली, तसा मी ओरडलो, "थांब! ती हिरवी आहे."

"काय हिरवी?"

"पायरी. शेवाळ आहे. भरतीला पाणी तिथवर येतं. हिरव्या पायरीवर कधी पाय ठेवायचा नाही. आमच्याकडे घाटावर पोर चालायला लागलं की आधी हे शिकवतात, मग अ-आ-ई."

"अवो, मग आमच्या यवतमाळला तर पायरीच काय, पाणीच नव्हतं जी," ती हसली. "टँकर आला की पळायचं, एवढं शिकवलं मला."

तिच्या अशा बोलण्यानं मला नेहमी बरं वाटे. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. तेव्हापासून माझ्याशी बोलताना तिचा यवतमाळचा सूर जरा जास्तच लागायचा.

आम्ही पायीच निघालो. होडीचं तिकीट मीच नको म्हटलं होतं. मला चालून दाखवायचं होतं. आणि पहिला तासभर मी छान चाललो. पूल चढायचा, पूल उतरायचा. गल्ली इतकी अरुंद की दोघांना शेजारून जाता येत नाही. मग एकदम मोकळा चौक, चौकात चर्च आणि मधोमध दगडी आडासारखं काहीतरी, वर लोखंडी झाकण.

"ही विहीर?" तिनं विचारलं.

"विहीर नव्हे. या शहराला सगळीकडून पाणी, पण पिण्याच्या पाण्याचा एक थेंब नाही. म्हणून सबंध चौकाच्या पोटात वाळू भरलेली असायची. पावसाचं पाणी या फरशीतल्या भोकांतून खाली जायचं, वाळूतून गाळलं जायचं आणि मधल्या या आडात साठायचं."

"तुम्हाला कसं माहीत हे सगळं?"

"वाचलेलं. खरंखोटं देव जाणे."

"खरंच असेल. तुम्ही कुठे खोटं बोलता?"

मी पुढे चालू लागलो.

घरांना दोन दारं, हे मी तिला दाखवलं. एक गल्लीत उघडणारं आणि एक थेट पाण्यात. पाण्याकडचं दार थोरामोठ्यांचं, गल्लीतलं चाकरमान्यांचं. ती ऐकत होती, प्रश्न विचारत होती, आणि मला अनेक वर्षांत कोणी एवढं बोलू दिलं नव्हतं. पण बोलायचं ते सगळं पाण्याबद्दलच. शहरच तसं. शिवाय चौकाचौकात पिण्याच्या पाण्याचे नळ, आणि ते बंदच होत नाहीत. अखंड धार. पहिल्या नळाशी मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्याशी चालण्याचा वेग वाढवला. तिसऱ्या नळावर शर्वरीनं बाटली भरायला घेतली आणि ती भरेपर्यंत मी पाठ करून एका दुकानातले मुखवटे न्याहाळत, दात आवळून उभा राहिलो.

"प्या आता. थंडगार आहे."

मी प्यायलो. नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं.

पुढे एका लहानशा हॉटेलात तिनं बसवलं. "पाय दुखत असतील तुमचे. चहा सांगते." चहा आला तो वाडगाभर. मागच्या बाजूला संडासाचं दार होतं. मी पेपर बघायला उठल्यासारखं करून तिकडे गेलो. दारापुढे तीन बायका रांगेत. पुरुषांचं वेगळं काही नव्हतं. सर्वांना एकच दार, आणि ते शर्वरीच्या टेबलाच्या अगदी समोर. तीन बायकांच्या मागे मी चौथा उभा आहे आणि सून चहा पीत बघते आहे, हे चित्र मला पेलवलं नाही. मी पेपर घेऊन परत आलो.

"इटालियन वाचता येतं तुम्हाला?" ती म्हणाली.

"चित्रं बघतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या दाराकडे पाहिलं, आणि उरलेला चहा न पिता उठली. "चला. केदार चारच्या गाडीनं आपल्याला न्यायला स्टेशनात येणार आहे. हळूहळू परत फिरू. जवळच्या रस्त्यानं."

"जवळचा रस्ता मला माहीत आहे," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. चाळीस वर्षं नकाशात बोट फिरवलं म्हणजे पायांना रस्ता कळतो असं नाही. दोन पूल आणि चार वळणांनंतर आम्ही कुठल्याशा गप्प वस्तीत होतो. दुकानं संपली, माणसं संपली. वर दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या. शर्वरीनं फोन काढला, पण फोनमधला बाणही गोल गोल फिरत होता.

आता माझ्याच्यानं चालवत नव्हतं. प्रत्येक पायरीला पोटात कळ उठत होती. उजवीकडे एक बोळ होता, वाकडा, अंधारा, टोकाला उजेड.

"तू इथे उभी राहा," मी म्हणालो. "त्या खिडकीचा फोटो काढ, छान आहे. मी पुढे बघून येतो हा बोळ कुठे निघतो ते."

"मी येते नं."

"नको, नको. दोन मिनिटं. फोटो काढ."

"बाबा, बरं वाटतंय नं तुम्हाला?"

"उत्तम!"

मी जवळजवळ पळतच निघालो. बोळ वळला आणि संपला. पुढे चार पायऱ्या आणि पाणी. समोर बिनखिडक्यांची विटांची भिंत. मागे वळण असल्यामुळे शर्वरी दिसत नव्हती. देवानं माझ्यासाठी बांधून ठेवल्यासारखी जागा. आयुष्यात कधी उघड्यावर गेलो नव्हतो. त्या दिवशी जायचं ठरवलं. विचार करायला वेळच नव्हता. बदामी रंगाच्या पँटची साखळी अडकली. ती पँट शर्वरीनंच घेतली होती, खास या सहलीसाठी.

तेवढ्यात वळणाआडून हाळी ऐकू आली आणि काळी, लांबलचक होडी पुढ्यात आली. आत पाच-सहा प्रवासी, सगळ्यांचे फोन वर धरलेले. मी हात मागे घेतले आणि भिंतीकडे अभ्यासूपणे बघू लागलो. जाईल आता. पण दुसऱ्या बाजूनं भाजीपाल्याची बोट आली. दोन्ही नावाडी एकमेकांना काही म्हणाले, हसले, आणि होडी बरोबर माझ्यासमोर थांबली. आतल्या एका बाईनं माझ्याकडे बघून हात हलवला. मग तिच्या नवऱ्यानं. मग सगळ्यांनी.

मीही हात हलवला. आणि हात हलवत असतानाच झालं.

थांबवता येईना. गरम, खाली, दोन्ही पायांवरून, बुटांपर्यंत. वर माझा हात हलतच होता. होडी गेली. बोट गेली. मी खाली पाहिलं. बदामी कापडावर सगळं स्पष्ट, गडद. जगातल्या कुठल्याही माणसाला एका नजरेत कळेल असं.

"बाबा?" बोळातून आवाज आला. "सापडला का रस्ता? येऊ का मी?"

पुढचं मी फार शांतपणे केलं. इतकं शांत मी आयुष्यात फार कमी वेळा वागलो असेन. खांद्यावरची पिशवी काढून वरच्या कोरड्या पायरीवर ठेवली. तिच्यात पासपोर्ट होता आणि एक पुस्तक. चष्मा काढला, घडी घातली, पिशवीवर ठेवला. मग खाली उतरलो. पहिली पायरी कोरडी, दुसरी ओली, तिसरी हिरवी. हिरवीवर मी मुद्दाम पाय ठेवला, आणि भिंतीतली लोखंडी कडी धरून कमरेपर्यंत पाण्यात बसलो. पाणी बर्फासारखं होतं आणि त्याला कुजक्या पालेभाजीचा वास होता.

मग मी ओरडलो. "शर्वरी! पाय घसरला!"

ती धावत आली. "अवो बाबा! काय झालं जी! हात द्या, हात द्या इकडे!" तिनं मला दोन्ही हातांनी ओढून वर काढलं. ताकद चांगली होती तिला.

"लागलं का कुठे? डोकं? कंबर?"

"काही नाही. निसरडं होतं. लक्षात आलं नाही."

ती वाकून पिशवी उचलायला गेली आणि क्षणभर तशीच थांबली. मग तिनं आधी चष्मा उचलला, ओढणीच्या टोकानं पुसला, उघडला आणि माझ्या डोळ्यांवर नीट बसवला. काही बोलली नाही.

बोलली ती वरची बाई. कोणाचा तरी आवाज आला म्हणून आम्ही मान वर केली. बोळातच, आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक म्हातारी उभी होती. हातात कपड्यांचे चिमटे. खिडकीखालच्या दोरीवर अर्धे कपडे वाळत घातलेले. म्हणजे ती बराच वेळ तिथे असणार. मी वर बघितलंच नव्हतं. आयुष्यभर मान खाली घालून चाललेला माणूस मी.

ती शर्वरीशी इटालियनमध्ये बोलत होती, चिमटे हलवत, माझ्याकडे बोट दाखवत. शर्वरीला ती भाषा चांगली येत होती, मला अक्षर कळत नव्हतं. मी फक्त तिचा चेहरा बघत होतो. ती ऐकत राहिली, एकदा मान डोलावली, मग हळू आवाजात काहीतरी लांबलचक उत्तर दिलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही नाही जी. म्हणते, या पायऱ्या फार निसरड्या आहेत."

"एवढंच?"

"इटालियन लोकांना लांबण लावायची सवय असते."

वरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली. तिच्यात टॉवेल होता, एक रिकामी कापडी पिशवी आणि एक पँट, तपकिरी, जाड लोकरी कापडाची, जुन्या पद्धतीची. म्हातारीनं वरूनच कळ दाबली आणि शेजारचं दार उघडलं. आत जिन्याखाली मी कपडे बदलले. शर्वरी दाराबाहेर गल्लीकडे तोंड करून उभी राहिली. पँट कमरेला सैल, लांबीला आखूड. ओल्या कपड्यांची पिशवी तिनं माझ्या हातून काढून घेतली. मी देत नव्हतो, तरी घेतली. म्हातारीनं पँट परत नको म्हणून खुणावलं.

स्टेशनपर्यंत आम्ही फार बोललो नाही. मला वाटत होतं, जमलं. सुनेला कळलं नाही. पडलो तर पडलो, कोणीही पडतं.

पण मी किती मूर्ख होतो, ते केदारचा चेहरा पाहिल्यावर कळलं. फलाटावर तो हसत आला आणि माझी आखूड पँट बघून थबकला.

"हे काय? कोणाची पँट?"

"अरे, काही नाही. एका पायरीवरून पाय घसरला. कालव्यात. जरासाच."

"तुमचा?" तो हसायचा थांबला. "तुमचा पाय घसरला? पायरीवरून? बाबा, लहानपणी मला बखोट धरून घाटावर शिकवलंत तुम्ही. हिरव्या पायरीवरून तुम्ही घसरलात?"

मी सैल पँट वर ओढून धरली.

"हेच मी म्हणत होतो," तो शर्वरीकडे वळला. "तोल जातोय त्यांचा. आज कालव्यात, उद्या घाटावर. तिथे काढायला कोण आहे? मी आजच कळवतो पुण्याला." त्यानं खिशातून फोन काढलासुद्धा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जे लपवायला मी पाण्यात उतरलो, ते कळलं असतं तर एका डॉक्टरवर भागलं असतं. पण तोल गेलेल्या म्हाताऱ्याला कोण एकटं ठेवणार? स्वतःच्या हातानं मी स्वतःचं घर बुडवलं होतं. आता वाचायचं तर एकच वाट होती. मुलासमोर, सुनेसमोर, त्या गर्दीत खरं सांगायचं. मी तोंड उघडलं. शब्द मला किती येत होते! शिष्ट, अशिष्ट, संस्कृत, पोरांचे, डॉक्टरांचे. त्यांतला एकही बाहेर पडेना.

"पुण्याला कशाला कळवतोस?" शर्वरी म्हणाली. "माझ्यामुळे पडले ते."

"म्हणजे?"

"मीच म्हटलं, अजून एक पायरी खाली उतरा, फोटो छान येईल. ते नको म्हणत होते. हिरवी आहे, घसरते, दोनदा म्हणाले. मीच हट्ट केला."

केदार तिच्याकडे बघतच राहिला. "फोटोसाठी?"

"हो."

"अक्कल आहे का तुला? सत्तरी उलटलेला माणूस! फोटोसाठी पाण्यात उतरवलंस?"

"चुकलं."

"चुकलं म्हणे! डोकं आपटलं असतं म्हणजे? तुझे वडील असते तर उतरवलं असतंस त्यांना?"

आजूबाजूची माणसं वळून बघत होती. भाषा कळत नसली तरी कोण कोणाला बोलतं आहे हे कळतंच. शर्वरीनं मान खाली घातली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ओल्या कपड्यांची पिशवी तिच्याच हातात होती, आणि तिच्यातून फलाटावर थेंब थेंब गळत होतं.

मी एका शब्दानं तिला सोडवू शकलो असतो. मी माझ्या बुटांकडे बघत उभा राहिलो. ते अजून ओले होते.

"जाऊ दे रे," एवढंच मी शेवटी म्हणालो. "मला काही लागलं नाही."

"तुम्ही तिची बाजू घेऊ नका, बाबा," केदार म्हणाला. आणि फोन खिशात ठेवला.

गाडी सुटली. केदार खिडकीशी फुगून बसला. शर्वरी समोर, डोळे मिटून. पूल संपून जमीन लागली आणि माझ्या पोटात पुन्हा तीच जाणीव सुरू झाली. चहा वाडगाभर होता. मी मांडीवर मांडी घातली. मग सोडली. मग पुन्हा घातली.

डोळे उघडून शर्वरी माझ्याकडे बघत होती. मग तिनं केदारला दिसणार नाही असा हात मांडीजवळ ठेवून करंगळी वर केली. शाळेतल्या पोरीसारखी.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "मला जाऊन यायचंय. इथल्या दाराची कडी नीट लागत नाही. तुम्ही जरा बाहेर उभे राहता?"

"मी राहतो," केदार म्हणाला.

"तू बस. तुझ्याशी मी बोलत नाहीये."

आम्ही डब्याच्या टोकाला गेलो. तिनं दार उघडलं आणि बाजूला झाली. "आधी तुम्ही," ती म्हणाली आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली. आतून मला ऐकू येत होतं, ती कुठलंसं गाणं गुणगुणत होती, जरा मोठ्यानंच. मी बाहेर आलो तेव्हा ती आत गेलीच नाही. तशीच माझ्यामागून जागेवर येऊन बसली.

परतल्यावर, माझं विमान सुटण्याआधी, तिनं मला साताऱ्यातल्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. "माझ्या मैत्रिणीचे काका आहेत. वाईत तुम्हाला ओळखणारे फार. साताऱ्यात कोणी ओळखत नाही." एवढंच. मी गेलो. लहानशी शस्त्रक्रिया झाली. पुण्याच्या खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि मी आजही वाईला माझ्याच घरात राहतो.

त्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. केदारचा राग चार दिवसांत गेला, मागे एक किस्सा उरला. लग्नाच्या पंगतीत असो की दिवाळीच्या फराळाला, तो रंगवून सांगतो. "हिनं काय केलं माहितेय? सासऱ्याला फोटोसाठी व्हेनिसच्या कालव्यात ढकललं!" लोक पोट धरून हसतात. यवतमाळच्या तिच्या मावशीनं तर तिला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "काहून वो, सासरा जड झाला होता का तुले?" शर्वरीही हसते. प्रत्येक वेळी मी ताटाकडे बघतो.

गेल्या दिवाळीत ती दोघं आली होती. संध्याकाळी शर्वरी माझ्याबरोबर घाटावर आली. केदार वर, देवळाच्या ओट्यावर फोनवर बोलत बसला. नदी उतरली होती. आम्ही खालच्या कोरड्या पायरीवर बसलो.

"शर्वरी," मी म्हणालो, "त्या दिवशी, व्हेनिसला... माझा पाय..."

"चष्मा, बाबा," ती म्हणाली.

"काय?"

"घसरणारा माणूस आधी चष्मा काढून, घडी घालून पिशवीवर ठेवत नाही जी."

मी पाण्याकडे बघत राहिलो. मग विचारलं, "आणि ती बाई? ती खरं काय म्हणाली होती?"

"ती?" शर्वरीनं गुडघ्यांना मिठी घातली. "ती म्हणाली, तुझ्या वडिलांना सांग, लाजू नका म्हणावं. माझे हे पण याच पायरीवर येऊन उभे राहायचे. आणि नेमकी तेव्हाच होडी यायची. त्यांचीच पँट होती ती."

"तू काय सांगितलंस तिला?"

"म्हटलं, ते माझे वडीलच आहेत, पण मी त्यांना काही सांगणार नाही. माझे बाबा दवाखान्यात होते नं, तेव्हा मला बाहेर जा म्हणायचे आणि मग नर्सला हाक मारायचे. मी बाहेर बाकावर बसायची. शेवटपर्यंत मला कळू दिलं नाही असंच त्यांना वाटत होतं. वाटू दिलं मी."

मी म्हणालो, "मी केदारला सांगतो. आजच सांगतो. किती वर्षं तू ऐकून घेतेस."

"काही नको. इतकी वर्षं बोलणी खाल्ली मी, ती फुकट घालवता का?" ती उठली आणि माझ्यापुढे हात केला. "चला. अंधार पडेल."

वरून केदारनं आम्हाला पाहिलं आणि ओट्यावरूनच ओरडला, "बाबा, सांभाळून! हिच्यापासून चार हात लांब राहा! पुन्हा ढकलेल!"

घाटावरची दोन-चार माणसं हसली. शर्वरीही हसली. मला हसता आलं नाही. मी तिचा हात धरला, आणि हिरवी पायरी टाळून आम्ही वर चढू लागलो.